टर्बो गेला, पण कशाने?

यशवंतपूरच्या बाजार आवारात नाशिक-नगरकडचा कांदा ट्रकांनी येतो. तिथून तो बंगळुरूच्या पेठांत, खाणावळींत आणि किराणा दुकानांत जातो तो पिकअपमधून. बोलेरो पिकअप, होसूरला बनणारी अशोक लेलँडची दोस्त, टाटाची इंट्रा आणि योद्धा ही त्यातली ओळखीची नावं. माल एक ते पावणेदोन टन, फेऱ्या दिवसभर आणि इंजिन जेमतेम दीड ते अडीच लिटरचं. एवढ्याशा इंजिनाला एवढा माल ओढता येतो तो टर्बोचार्जरमुळे. म्हणूनच गॅरेजमध्ये “टर्बो गेलाय” हे शब्द ऐकले की मालकाच्या पोटात गोळा येतो.

खरी अडचण पुढे असते. नवा टर्बो बसतो, गाडी काही आठवडे छान पळते आणि मग पुन्हा तीच शिट्टी, तोच धूर, चढावर तीच दमछाक. मालक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला, गॅरेजवाला म्हणतो ड्रायव्हरने गाडी रगडली, ड्रायव्हर म्हणतो कंपनीचा मालच असा. पहिला टर्बो कशाने गेला, हे मात्र तिघांपैकी कोणीच पाहिलेलं नसतं. टर्बोत स्वतःहून झिजण्यासारखं फार थोडं असतं. बहुतेक वेळा त्याला घेऊन जाणारा दोष बाहेर असतो: ऑइलमध्ये, हवेच्या वाटेत, सायलेन्सरच्या बाजूला किंवा चालवण्याच्या सवयीत. तो दोष तसाच राहिला, तर नव्या टर्बोचं आयुष्यही तेवढंच.

टर्बो करतो काय

एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. लिटरच्या हिशोबात एका लिटर डिझेलला बारा किलो हवा, म्हणजे बंगळुरूत जवळपास अकरा हजार लिटर. हा झाला किमान हिशोब. डिझेल इंजिन नेहमी याहून जास्त हवा घेऊनच चालतं. आता अडीच लिटरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय असं धरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. त्यामुळे हे इंजिन स्वतःच्या जोरावर मिनिटाला फार तर अडीच हजार लिटर हवा घेऊ शकतं. जास्त ताकद हवी म्हणून नुसतं डिझेल वाढवलं, तर हवेअभावी ते अर्धवट जळून काळा धूर होऊन बाहेर पडतं. इलाज दोनच. इंजिन मोठं करा, नाहीतर त्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबा.

हवा कोंबण्यासाठी लागणारी शक्ती आणायची कुठून? डिझेलमधल्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे गरम धुराच्या रूपाने वाया जातो. त्यावरच एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवायची, या कल्पनेचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ साली घेतलं. मागच्या टर्बाइनने पुढचा कॉम्प्रेसर फिरवायचा हे तत्त्व जेट इंजिनाचंही आहे. बंगळुरूच्या गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंटमध्ये ‘कावेरी’ इंजिनावर वर्षानुवर्षं काम झालं, ते याच तत्त्वावर.

पिकअपमधला टर्बो उघडला तर तीन कप्पे दिसतात. एका बाजूला ओतीव लोखंडाचं जाड घर आणि त्यात टर्बाइनचं चाक. इथे सहाशे-सातशे अंशांचा धूर येतो, म्हणून हे चाक निकेलच्या उष्णतारोधक मिश्रधातूचं असतं. दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियमचं घर आणि त्यात कॉम्प्रेसरचं चाक. मध्ये बेअरिंगचा कप्पा, ज्यातून दोन्ही चाकांना जोडणारा सात-आठ मिलीमीटर जाडीचा दांडा जातो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून मग इंजिनात जाते.

या चाकांचा वेग डोळ्यांपुढे आणणं कठीण आहे. छोट्या डिझेल इंजिनाचा टर्बो पूर्ण भाराखाली मिनिटाला दीड लाख फेरे सहज घेतो, म्हणजे सेकंदाला अडीच हजार. कॉम्प्रेसरचं चाक ४५ मिलीमीटर व्यासाचं असेल, तर त्याच्या पात्यांची टोकं ताशी बाराशे किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असतात. अशा वेगात चाकाचा तोल किंचित गेला किंवा वाळूचा एक कण आत आला, तरी त्याची किंमत मोजावी लागते.

नऊशे मीटरवरचं शहर

बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ. उटीला, सव्वादोन हजार मीटरवर, हा फरक वीस टक्क्यांच्या घरात जातो. विरळ हवेत टर्बोचा किती उपयोग होतो हे अमेरिकेच्या सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली दाखवलं. विमानाचं लिबर्टी इंजिन त्यांनी चार हजार मीटरहून उंच पाइक्स पीक डोंगरावर नेलं. सपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन तिथे टर्बोशिवाय २३० वर आलं आणि टर्बो लावल्यावर ३५६ पर्यंत गेलं.

ही मदत फुकट मिळत नाही. विरळ हवेला तेवढ्याच दाबापर्यंत आणायचं तर टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. म्हणून तीच गाडी, तोच माल घेऊन मुंबईत चालते तेव्हापेक्षा बंगळुरूत टर्बोवरचा ताण थोडा जास्त असतो आणि निलगिरीच्या चढावर आणखी वाढतो. नीट राखलेल्या गाडीला हे झेपतं, कारण कंपनीने या जास्तीच्या ताणाची सोय आधीच धरलेली असते. पण एअर फिल्टर तुंबलेला, हवेचा पाइप फुटलेला आणि वर दोन टनांचा माल असेल, तर ती सोय संपते.

ऑइल: सगळ्यात मोठं कारण

टर्बोच्या दांड्याला सहसा बॉल बेअरिंग नसतं. तो पितळी बुशमध्ये फिरतो आणि बुश स्वतःही फिरत असतो. बुशच्या आत आणि बाहेर ऑइलचा पातळ थर असतो, मिलीमीटरच्या काही शतांशांएवढा. चालू टर्बोत धातू धातूला लागतच नाही. दांडा ऑइलवर तरंगतो. हेच ऑइल बेअरिंगची उष्णताही घेऊन जातं. त्यामुळे ऑइल उशिरा आलं, कमी आलं, घाण आलं किंवा वापरून झाल्यावर खाली उतरलं नाही, तर चारही वेळा पहिला फटका टर्बोला बसतो. इंजिनाच्या मोठ्या बेअरिंगला जे काही काळ खपतं, ते टर्बोला खपत नाही.

उशिरा येणं सकाळी घडतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. चावी फिरवल्यावर पंपापासून टर्बोपर्यंत ते पोचायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात अॅक्सिलरेटर दाबून इंजिन रेस केलं, तर दांडा कोरडा फिरतो. अर्धा-एक मिनिट इंजिन शांत चालू द्यायचं, एवढंच करायचं आहे.

कमी येण्याची कारणं बारीक असतात. चेंबरमध्ये ऑइल कमी असणं हे उघड कारण. लपलेलं कारण म्हणजे टर्बोला ऑइल देणारी बारीक नळी. तिच्यात जुन्या ऑइलची काजळी साचते, वाट अरुंद होते आणि बाहेरून काहीच कळत नाही. जोडावर सिलिकॉनचा गॅस्केट मसाला लावण्याची सवयही महागात पडते. बोल्ट आवळला की मसाला आत सरकतो, सुटतो आणि काही मिलीमीटरच्या भोकात जाऊन बसतो. जिथे गॅस्केट दिलेलं आहे, तिथे गॅस्केटच लावायचं.

गरम इंजिन झटक्यात बंद करण्याचं नुकसान हळूहळू दिसतं. शिराडी घाट चढून गाडी सकलेशपूरला चहासाठी थांबली आणि ड्रायव्हरने लगेच चावी काढली, तर ऑइलचा प्रवाह थांबतो, पण टर्बाइनचं घर लालबुंद तापलेलंच असतं. ती उष्णता दांड्यावाटे मधल्या कप्प्यात सरकते आणि तिथे अडकलेलं ऑइल तव्यावर राहिलेल्या तेलासारखं करपून काळी खपली धरतं. असं रोज झालं की खपल्या वाढतात, ऑइलची वाट बुजते आणि सुटलेले तुकडे बेअरिंग ओरबाडतात. चढ किंवा लांबचा वेगवान प्रवास संपला की एक-दोन मिनिटं इंजिन न्यूट्रलवर शांत चालू ठेवावं. शहरात हळूहळू येऊन थांबलेल्या गाडीला याची तेवढी गरज नसते, कारण टर्बो वाटेतच थंड झालेला असतो.

घाण ऑइल म्हणजे काजळी, धूळ आणि धातूचे कण वाहणारं ऑइल. इथे बंगळुरूच्या वाहतुकीचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. टॉमटॉम कंपनीच्या २०२२ सालच्या मोजणीत शहराच्या मध्यभागी दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं लागत होती, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. या वेगाने दहा हजार किलोमीटर व्हायला इंजिन सुमारे पाचशे तास चालतं. कोल्हापूर-बंगळुरू महामार्गावर ताशी साठने तेच अंतर एकशे सत्तर तासांत होतं. मीटरवर आकडा तोच, पण ऑइलने तिप्पट वेळ काम केलेलं असतं. म्हणून मॅन्युअलमध्ये जड वापरासाठी ऑइल बदलण्याचं जे कमी अंतर दिलेलं असतं, तेच शहरातल्या पिकअपला धरावं. ऑइलबरोबर फिल्टरही दर वेळी बदलावा. तुंबलेल्या फिल्टरची बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं. बाजारात हुबेहूब डब्यात येणाऱ्या नकली फिल्टरचा कागदही काही गाळत नाही. जे. सी. रोड असो की कलासिपाळ्य, खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून आणि बिलावरच करावी.

“सील गेली” म्हणजे काय

टर्बोच्या पाइपात ऑइल दिसलं की “सील गेली” असं निदान होतं आणि टर्बो उतरवला जातो. यातली गफलत समजून घेण्यासारखी आहे. टर्बोत रबरी सील नसते. एवढ्या उष्णतेत ती टिकणारच नाही. असतात त्या पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या कड्या. त्यांचं काम मुख्यतः चाकांकडच्या दाबावर चालतं. बाहेरून दाब आहे आणि ऑइलला खाली उतरायला मोकळी वाट आहे, तोवर ऑइल आतच राहतं.

बेअरिंगमधून निघालेलं ऑइल फेसाळलेलं असतं आणि ते पंपाने नाही, निव्वळ वजनाने खाली चेंबरमध्ये उतरतं. म्हणून उतरणीची नळी जाड आणि सरळ असते. ती दबली, वाकली, काजळीने अरुंद झाली किंवा चेंबरमध्येच दाब वाढला, तर ऑइल खाली जात नाही. मग ते मिळेल त्या वाटेने, म्हणजे कड्यांमधून बाहेर येतं. चेंबरमध्ये दाब वाढतो तो इंजिनाच्या पिस्टन रिंग झिजल्यामुळे किंवा चेंबरमधला दाब बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबल्यामुळे. तपासायला सोपं आहे. इंजिन शांत चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून पाहायचं. हलकी फुंकर येणं स्वाभाविक आहे. धुराचा लोट आणि झाकण उडवणारा दाब स्वाभाविक नाही. अशा इंजिनावर नवा टर्बो बसवला तर तोही पहिल्याच दिवशी ऑइल टाकेल.

आणखी दोन कारणं टर्बोबाहेरची आहेत. एअर फिल्टर तुंबला की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ निर्माण होते आणि ऑइल तिकडे खेचलं जातं. सिग्नलवर तासन्‌तास इंजिन नुसतं चालू राहिलं, तर चाकांकडचा दाबच नसतो, म्हणून थोडं ऑइल झिरपतं. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ ओलावा दिसणं हेही नेहमीचंच. तो ब्रीदरमधूनही येतो. पाइप तिरका केला आणि ऑइलची धार लागली, तर मात्र गाडी पुढे चालवू नये.

हवेची वाट

वर काढलेल्या हिशोबाने दिवसाला वीस लिटर डिझेल जाळणारी गाडी किमान सव्वादोन लाख लिटर हवा घेते. मेट्रोची कामं, खोदलेले रस्ते, एम-सँड आणि खडीच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांची धूळ, हे सगळं त्या हवेत असतं. फिल्टर तुंबला तर टर्बोला ओढ लागते आणि फिल्टर फाटला तर धूळ थेट पात्यांवर आदळते. धारदार कड हळूहळू बोथट होते, चाकाचा तोल जातो. पुढे तीच धूळ सिलिंडरही खाते.

फिल्टर फाटतो तो बहुतेकदा साफ करताना. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने पूर्ण दाबाची हवा मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. फिल्टरचं भांडं नीट बसलं नाही किंवा फिल्टरनंतरच्या रबरी पाइपाला चीर असली, तर फिल्टर कितीही चांगला असून उपयोग नाही. काम करताना आत राहिलेला नट, फडक्याचा तुकडा, तुटलेला क्लॅम्प यांनी गेलेले टर्बोही कमी नाहीत.

टर्बोनंतरच्या पाइपाची गोष्ट उलटी आहे. तिथली हवा दाबाखाली असते. क्लॅम्प ढिला झाला, होजला भेग पडली, इंटरकूलर फुटला, की दाबलेली हवा बाहेर निसटते. इंजिनाला हवा कमी पडते, काळा धूर येतो, ड्रायव्हर आणखी अॅक्सिलरेटर दाबतो आणि टर्बो नेमलेल्या वेगाच्या पुढे पळू लागतो. शंभर-दोनशे रुपयांच्या क्लॅम्पपायी अख्खा टर्बो जाऊ शकतो, तो असा. बाहेरून चिप लावून गाडीची ताकद वाढवून घेणारेही याच धोक्याला बोलावतात.

धुराची बाजू आणि शहरातली काजळी

टर्बाइनच्या चाकावर आदळणारी वस्तू इंजिनातून येते: झडपेचा तुकडा, ग्लो प्लगचं टोक, मॅनिफोल्डमधली सुटलेली खपली. इंजेक्टर नीट फवारा मारत नसेल तर धुराचं तापमान वाढतं आणि घराला तडे जातात. बंगळुरूत इंजेक्टर तपासून घेणं अवघड नाही. पूर्वीची मायको, म्हणजे आजची बॉश, हिच्या आडुगोडीच्या कारखान्यामुळे डिझेल पंपांचं काम जाणणाऱ्या मिस्त्रींची परंपरा या शहराला आहे.

काही पिकअपच्या टर्बोत धुराच्या वाटेवर हलणाऱ्या पाकळ्या असतात. इंजिन हळू असताना त्या वाट अरुंद करून धुराचा झोत वाढवतात, जोरात असताना वाट मोकळी करतात. सिल्क बोर्ड किंवा हेब्बाळच्या कोंडीत रोज रांगणाऱ्या गाडीचा धूर कोमट आणि काजळीचा असतो. ती काजळी पाकळ्यांवर बसते आणि त्या जागीच अडकतात. अरुंद अवस्थेत अडकल्या तर दाब वाजवीपेक्षा वाढतो आणि कॉम्प्युटर इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. मोकळ्या अवस्थेत अडकल्या तर गाडी उचलच घेत नाही. दोन्हीत बेअरिंग शाबूत असतं. पाकळ्या साफ करून किंवा त्यांना हलवणारा अॅक्च्युएटर दुरुस्त करून काम भागू शकतं.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ आला. साचलेली काजळी तो सुमारे सहाशे अंशांवर जाळून टाकतो. एवढी उष्णता आणण्यासाठी इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं. शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे काम सुरू होतं आणि मध्येच इंजिन बंद केलं जातं. असं वारंवार झालं की दोन गोष्टी घडतात. डीपीएफ तुंबून धुराला मागे रेटा बसतो, त्याने टर्बाइन तापतं. आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर ती आनंदाची बाब नाही. ते डिझेलने पातळ झालंय आणि बेअरिंगवर तरंगता थर धरण्याची त्याची ताकद कमी झाली आहे. डीपीएफचा दिवा लागला की मॅन्युअलप्रमाणे गाडी तुमकुरू रोडसारख्या मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी. या गाड्यांना कमी राख सोडणारं, मॅन्युअलमध्ये नाव दिलेलंच ऑइल लागतं. स्वस्तातलं ऑइल डीपीएफ तुंबवतं आणि शेवटी बिल टर्बोच्या नावावर फाटतं.

टर्बोवर शिक्का मारण्याआधी

गाडी ओढत नाही म्हणजे टर्बो गेला, असं नाही. तपासाचा क्रम स्वस्तापासून महागाकडे असावा. आधी एअर फिल्टर. मग सगळे हवेचे पाइप आणि क्लॅम्प, हाताने दाबून आणि दाबाची हवा भरून. मग डिझेल फिल्टर. मग स्कॅनर लावून बिघाडाचे कोड आणि बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाचा, आकडा. मग अॅक्च्युएटर, थोडा धूर परत इंजिनात सोडणारी ईजीआर झडप आणि डीपीएफचा मागचा दाब. शेवटी टर्बो.

धुराचा रंगही वाट दाखवतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. हा टर्बोचा दोष असेलच असं नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते टर्बोतून येतंय की पिस्टन रिंगमधून, हे झाकण काढून केलेल्या तपासणीने वेगळं करता येतं. हलकी शिट्टी टर्बोला असतेच. ती एकाएकी वाढून सायरनसारखी झाली, तर पाइप फुटलाय किंवा चाक घराला घासतंय.

चाक पाहायचं तर इंजिन बंद आणि थंड असताना पुढचा पाइप काढावा. दांडा बोटांनी आडवा हलवला तर किंचित हलतो. ऑइलसाठी ठेवलेली ती जागा आहे. पण हलवताना चाक घराला लागत असेल, किंवा दांडा पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, तर बेअरिंग संपलं.

उतरवलेला टर्बो काय सांगतो

• दांडा निळसर-काळा पडलाय, बुशचं पितळ त्याला फासलंय: ऑइल मिळालं नाही. नळी, पंप, ऑइलची पातळी आणि सकाळची सवय तपासा.
• बुश आणि दांड्यावर गोल चरे: ऑइल घाण होतं.
• मधल्या कप्प्यात काळी कडक खपली: गरम इंजिन झटक्यात बंद होत होतं किंवा ऑइल फार जुनं होतं.
• कॉम्प्रेसरच्या पात्यांची पुढची कड वाकलेली: हवेच्या वाटेतून काहीतरी घट्ट आत आलं. कड नुसतीच बोथट आणि घासलेली असेल तर ती धूळ.
• टर्बाइनच्या पात्यांची टोकं तुटलेली: तुकडा इंजिनातून आला. इंजिन न उघडता नवा टर्बो बसवू नका.
• कॉम्प्रेसर चाकाच्या पाठीवर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, किंवा चाक फुटलेलं: वेग मर्यादेबाहेर गेला. गळती, चिप किंवा अडकलेल्या पाकळ्या शोधा.
• चाकं, दांडा सगळं शाबूत, फक्त ऑइल बाहेर: टर्बो निर्दोष. उतरणीची नळी आणि चेंबरचा दाब पाहा.

नवा बसवताना

मोडलेल्या टर्बोचे तुकडे आणि ऑइल इंटरकूलरमध्ये बसलेले असतात. इंटरकूलर आणि पाइप धुऊन काढल्याशिवाय नवा टर्बो लावणं म्हणजे ते तुकडे इंजिनाला भरवणं. ऑइल देणारी नळी साफ करण्यापेक्षा नवीच घ्यावी. ऑइल आणि फिल्टर बदलावेत, ब्रीदर साफ करावा. बसवताना टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने फिरवावं. पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटं ते रेस न करता शांत चालू ठेवावं. पाकळ्यांच्या टर्बोत अॅक्च्युएटरची जुळणी स्कॅनरवर करून घ्यावी लागते. अंदाजाने फिरवलेला स्क्रू पुन्हा वेगमर्यादा मोडायला लावतो.

नव्या टर्बोऐवजी नुसती आतली कोअर, म्हणजे दांडा आणि चाकांसह मधला कप्पा, बदलण्याचा स्वस्त पर्यायही असतो. तो वाईट नाही, पण एक अट आहे: कोअर प्रत्यक्ष वेगाच्या जवळ फिरवून बॅलन्सिंग मशीनवर तपासलेली असावी आणि त्याचा छापील अहवाल सोबत मिळावा. सेकंदाला अडीच हजार फेरे घेणाऱ्या दांड्याचा तोल हाताने कळत नाही.

इंजिन सुटलं तर

एक प्रसंग प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असावा. बेअरिंग पूर्ण तुटलं की ऑइल मोठ्या प्रमाणात हवेच्या पाइपात शिरतं आणि डिझेल इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागतं. फेरे आपोआप वाढतात, पांढरा-निळा धुराचा लोट उठतो आणि चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. गाडी बाजूला उभी करून ब्रेक पूर्ण दाबावा, सगळ्यात वरचा गियर टाकावा आणि क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. नाहीच पडलं तर गाडीपासून दूर व्हावं. बॉनेट उघडून पाइपात हात किंवा फडकं घालू नये.

मालकाची वही

एवढं सगळं ड्रायव्हरच्या रोजच्या कामात बसवायचं तर चार सवयी पुरेशा आहेत: सकाळी डिपस्टिक पाहणं, सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबणं, चढानंतर दोन मिनिटं थांबणं आणि धुराचा किंवा शिट्टीचा बदल त्याच दिवशी सांगणं. बाकीची जबाबदारी मालकाची. गाडीच्या वहीत किलोमीटरबरोबर इंजिनाचे अंदाजे तास लिहावेत आणि ऑइल त्यावर बदलावं. मालाचं वजन काट्यावर पाहावं, डोळ्यांनी नाही.

आणि टर्बो खरंच गेला, तर उतरवलेला टर्बो एक्स्चेंजच्या सवलतीसाठी लगेच देऊन टाकू नये. आधी तो टेबलावर उघडायला लावावा, वरच्या यादीशी ताडून पाहावा आणि जायचं कारण जॉब कार्डवर लिहून घ्यावं. ते कारण दूर करण्याचं काम बिलात वेगळं दिसलं पाहिजे. बिलात फक्त नवा टर्बो आणि मजुरी असेल, तर दुरुस्ती अजून झालेली नाही.